पंच, हात लागलाय!

सामना सुरू होण्याआधी मी दोन्ही संघांना रेषेवर उभं करतो आणि एकेकाच्या दंडावरून, मांडीवरून, पोटरीवरून हात फिरवतो. कबड्डीत अंगाला तेल किंवा कुठलाही निसरडा पदार्थ लावायला मनाई आहे. नखं कापलेली हवीत, गळ्यात साखळी, हातात कडं नको. बरेच पंच ही तपासणी लांबूनच नजर टाकून उरकतात. मी वेळ घेतो. तेल सापडतं ते क्वचित. पण कोण नजर चुकवतोय, कोण खेळण्याआधीच तणतणतोय, कुणाच्या तोंडाला वास मारतोय, कर्णधाराने हाक मारली की बाकीचे वळून बघतात की नाही, हे सगळं त्या तीन-चार मिनिटांत कळतं. शेवटी कर्णधाराला बाजूला घेऊन एवढंच सांगतो, "काही विचारायचं असेल तर तू विचारायचं. बाकी कुणी नाही." तो मान हलवतो. ती मान किती मनापासून हलली यावर पुढची चाळीस मिनिटं कशी जाणार याचा अंदाज बांधता येतो.

मी रायगड जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. कॉलेजात असताना डाव्या कोपऱ्यात खेळायचो. गुडघ्याने दगा दिल्यावर पंच परीक्षा दिली आणि मैदान सुटलं नाही. आता हिवाळ्यातल्या बहुतेक रात्री शिट्टी गळ्यात असते.

आमच्या अलिबाग-पेण पट्ट्यात भातकापणी उरकली की शेतात मैदानं तयार होतात. ढेकळं फोडायची, माती चाळायची, पाणी मारून धुम्मस करायची, चुन्याच्या फक्कीने रेषा आखायच्या, चार बाजूंना खांब रोवून हॅलोजन लावायचे. संध्याकाळी नारळ फुटतो आणि अंतिम सामना कधी कधी उजाडताना संपतो. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं की माती निसरडी होते, पाय सटकतात आणि डोकीही. दोरीच्या पलीकडे अख्खं गाव बसलेलं असतं, म्हातारी माणसं घोंगड्या घेऊन पुढच्या रांगेत. मंचावर देणगीदार, मंडळाचे अध्यक्ष, गावचे सरपंच. कबड्डीत मुख्य पंचालाही सरपंचच म्हणतात, त्यामुळे ध्वनिक्षेपकावरून "सरपंचांनी इकडे यावं" अशी हाक आली की आम्ही दोघंही उठतो. समालोचक प्रत्येक चढाईला रंग भरत असतो आणि मध्येच जाहीर करतो, "या चढाईला गुण आणला तर अमुक शेठकडून पाचशे रुपये!" त्यानंतर त्या पोराचा हात कुणाला लागला की नाही, हा प्रश्न खेळापुरता उरत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पंचांचं काम म्हणजे गुण देणं आणि भांडण झालंच तर कार्ड काढणं. पण कबड्डीतला वाद कुठून उगवतो ते बघितलं पाहिजे. चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. त्यात एका माणसाचा दम अखंड चालू आहे का, त्याच्या बोटाच्या टोकाचा स्पर्श झाला का, बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता का, परत येताना मध्यरेषेला आधी हात टेकला की आधी पकड पूर्ण झाली, हे सगळं एका वेळी बघायचं असतं. सरपंच एक, दोन्ही बाजूंना एकेक पंच, खेरीज गुणलेखक आणि त्याचे सहाय्यक. तरी स्पर्श कधी कधी फक्त दोघांनाच माहीत असतो, ज्याने केला त्याला आणि ज्याला झाला त्याला. जुन्या खेळाडूंमध्ये असे कितीतरी होते, जे पंचांचा हात वर जायच्या आधी स्वतःच बाहेर चालू लागायचे. आजही असतात. पण पंच म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही.

नियमपुस्तकात गैरवर्तनाची यादी बारीक आहे. निर्णयाबद्दल पंचांशी वारंवार हुज्जत घालणं, पंचांबद्दल किंवा प्रतिस्पर्ध्याबद्दल अपमानास्पद बोलणं, निर्णयावर परिणाम होईल असं वागणं, बाहेरून शिकवणं. आणि एक कलम मला फार आवडतं. निर्णय मागण्यासाठी बोट दाखवणं हाही नियमभंग आहे. टीव्हीवर प्रो कबड्डी बघणाऱ्या पोरांना हे खरंच वाटत नाही, कारण २०१४ पासून त्यांनी बोट आणि आरडाओरडा भरपूर बघितला आहे. ताकीद म्हणून हिरवं कार्ड, दोन मिनिटं बाहेर बसवणारं पिवळं, सामन्यातून काढणारं लाल. हिरवं दोनदा झालं की पिवळं, पिवळं दोनदा झालं की लाल. त्याशिवाय समोरच्या संघाला तांत्रिक गुण देता येतो. हत्यारं पुरेशी आहेत. ती कधी काढायची नाहीत, हे शिकायला वर्षं जातात.

मला हे शिकवलं एका निवृत्त पंचांनी. कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, आमच्याकडे कबड्डी दिन साजरा होतो. भाषणं झाली की पावसात वडापाव खात जुन्या पंचांच्या गप्पा रंगतात. तिथे कुणीतरी विचारलं, शिवी ऐकली तर काय करायचं. ते म्हणाले, "कुणाला दिली ते आधी ऐक." पकड सुटली म्हणून गडी स्वतःलाच शिवी देतो. घोटा मुरगळला की देवालाही देतो. ती कानात शिरूच द्यायची नाही. पंचाला दिली तर एकदा बघायचं, नुसतं बघायचं, म्हणजे ऐकू आली हे त्याला कळतं. समोरच्या गड्याला दिली, त्यातही आईबहिणीवरून किंवा जातीवरून, तर वाट बघायची नाही. पंचाचा अपमान झाला म्हणून सामना बिघडत नाही, म्हणायचे. गडी गड्याच्या अंगावर गेला की बिघडतो.

मला त्यांचं म्हणणं नव्वद टक्के पटतं. उरलेले दहा टक्के का पटत नाहीत, ते एका सामन्यावरून सांगतो.

समुद्रकिनाऱ्याजवळचं एक गाव. उपांत्यपूर्व सामना, रात्री दीड-दोनचा सुमार. यजमान गावाचा संघ आणि पेणकडचा एक संघ. दोन गुणांचा फरक, चारेक मिनिटं बाकी. मी सरपंच होतो. पेणच्या चढाईपटूने उजव्या कोपऱ्याकडे हुलकावणी दिली, वळला, आणि वळता वळता त्याच्या पायाचा चवडा यजमानांच्या पाच नंबरच्या गुडघ्याला लागला. त्या बाजूचा पंच अगदी समोर उभा होता. त्याने हात वर केला, एक गुण, पाच नंबर बाद. मलाही तो स्पर्श स्वच्छ दिसला होता.

पाच नंबर हलला नाही. "नाय लागला, आईशप्पथ नाय लागला!" आधी स्वतःच्या गुडघ्याला हात लावून दाखवला, मग पंचाकडे बोट. बाकड्यावरचे तीन राखीव खेळाडू आत आले. दोरीच्या पलीकडे पहिली रांग उठली.

मी एकदाच शिट्टी वाजवली आणि घड्याळ थांबवायची खूण केली. सारख्या शिट्ट्या फुंकणारा पंच घाबरलेला आहे हे लांबच्या घोंगडीतल्या म्हाताऱ्यालाही कळतं. मग मी पाच नंबरकडे न जाता आत आलेल्या राखीव खेळाडूंकडे गेलो. गर्दी नेहमी त्याच क्रमाने आत येते, आधी बाकडं, मग दोरीजवळची पोरं, मग बाकीचे. बाकडं बसलं की दोरी टिकते. मी त्यांना म्हटलं, "तुमच्यापैकी कुणाला बाद दिलेलं नाही. बसून घ्या." कुणालाच दिलेलं नव्हतं, हे खरंच होतं, त्यामुळे त्यांना पटकन उत्तर सुचलं नाही. ते मागे सरले.

त्यानंतर कर्णधार. त्याला मी हाक मारली नाही, त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, पाच नंबरकडे पाठ करून. हात मागे बांधलेले. आपण समोरासमोर छाती काढून उभं राहिलो की समोरच्यालाही छाती काढावी लागते, सगळं गाव बघत असतं. शेजारी उभं राहून हळू बोललं की ऐकण्यासाठी त्याला गप्प व्हावं लागतं. "त्याला बाहेर ने. वीस सेकंद देतो." कर्णधाराने त्याचा दंड धरला. प्रकरण मिटत आलं होतं. हिरव्या कार्डावर भागलं असतं, बोट दाखवल्याबद्दल.

तेवढ्यात पाच नंबर वळून त्या पंचाला म्हणाला, "किती घेतले पेणवाल्यांकडून?"

मी पिवळं कार्ड काढलं.

त्या निवृत्त पंचांच्या नियमाने बघितलं तर हा पंचाचा अपमान, गिळायला हवा होता. पण माझ्या लेखी ती शिवी पंचाला नव्हतीच. "किती घेतले" म्हटलं की पेणच्या सात जणांनी दीड तास प्रवास करून, थंडीत उघड्यावर बसून, दम लागेस्तोवर खेळून आणलेले गुण विकतचे ठरतात. आणि हे गावासमोर बोललं जातं, जिथे एक माणूस बोलला की शंभर जण तेच घरी घेऊन जातात. पंच आंधळा आहे, मूर्ख आहे, नियम शिकून यायला हवा, हे मी रोज ऐकतो आणि सोडून देतो. आंधळेपणाबद्दल मतभेद असू शकतात. पैसे खाल्ल्याचा आरोप मात्र ज्यांनी गुण मिळवले त्यांच्यावर जातो.

आता खरी गंमत सुरू झाली. ध्वनिक्षेपकावरून समालोचक म्हणाला, "प्रेक्षकांमध्ये पंचांच्या निर्णयाबद्दल तीव्र नाराजी." त्याच्या हातातून माईक घेऊन मंचावरचे एक पुढारी म्हणाले, "पंचांनी फेरविचार करावा अशी आमची विनंती आहे." विनंतीचा सूर विनंतीचा नव्हता. मी गुणलेखकाच्या टेबलापाशी गेलो. मंडळाच्या सचिवांना बोलावून सांगितलं, माईक बंद झाल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही. मंचाकडे बघितलं नाही, वर गेलो नाही, हात जोडले नाहीत. मंचावरच्या माणसाशी मैदानातून वाद घालायला लागलं की तो हरू शकत नाही, त्याच्याकडे माईक असतो. सचिव बिचारा धावत गेला. जरा वेळ काहीच घडलं नाही. मी टेबलाशेजारी उभा राहिलो आणि गुणपत्रकावर वेळ, गुण, कार्ड, कारण लिहून घेतलं. माईक बंद झाला.

या काळात दोरीवरून एक पोरगा मोबाईल पुढे करत होता. "सर, स्लो मोशनमध्ये बघा ना, एकदा बघा!" हल्ली हे प्रत्येक गावात होतं. प्रो कबड्डीत रिव्ह्यू असतो, मग इथे का नाही, असा त्यांचा प्रश्न. तिथे कुठल्या कोनात किती कॅमेरे आहेत, कोण बघणार, एका संघाला किती वेळा मागता येणार, हे सामन्याआधी ठरलेलं असतं. इथे एका संघाच्या मित्राने पाठीमागून काढलेली चित्रफीत. ती मी बघितली तर पुढच्या चढाईला पेणच्या मित्राचीही बघावी लागेल, आणि मग उजाडेपर्यंत आम्ही मोबाईलच बघत बसू. "चित्रफीत जपून ठेव, तक्रार करायची असेल तर अर्जाला जोड," असं सांगितलं. त्याने जोडली नाही. जोडत नाहीत कुणी.

सामना सुरू झाला. यजमान सहा जणांत खेळले आणि शेवटी चार-पाच गुणांनी हरले. पाच नंबर दोन मिनिटं बसून परत आला, त्याच्या संघाने पकड केल्यावर जिवंत झाला, आणि त्यानंतर त्याने जी घोटापकड केली ती बघून मला, पंच असताना, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पोरगा खेळाडू म्हणून अस्सल होता. सुधारला वगैरे असं मात्र काही नाही. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गावात तो दुसऱ्या एका पंचाशी भांडत होता. मी बाहेर चहा घेत उभा होतो. मला बघून तो दोरीवरूनच ओरडला, "सर, तुम्हीच सांगा, लागला का हात?"

कर्णधाराला आधी गाठायचं ही युक्ती माझी नाही, जुनीच आहे. क्रिकेटमध्ये १९८१ साली मेलबर्न कसोटीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लिलीच्या चेंडूवर गावसकरना पायचीत दिलं, बॅटला लागल्याचं त्यांचं म्हणणं होतं, आणि चिडून ते चेतन चौहाननाही बरोबर घेऊन निघाले. पंचांच्या हातात तेव्हा काही उरलं नव्हतं. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी आले, त्यांनी चौहानना थांबवलं, पुढचा फलंदाज आत आला, आणि ती कसोटी भारताने जिंकली. तिथे कर्णधार स्वतःच भडकला होता, म्हणून दुसऱ्या माणसाची गरज पडली. त्यामुळे मी तपासणीच्या वेळी कर्णधाराबरोबर व्यवस्थापकाचंही नाव विचारून ठेवतो. रात्री दोन वाजता "अहो, ते निळ्या जर्सीवाले" अशी हाक मारण्यात आणि नावाने हाक मारण्यात फार फरक आहे.

नावाचा उपयोग माझ्यापेक्षा चांगला करताना मी एका बाईंना बघितलं. तालुक्याच्या स्पर्धेत मुलींचा सामना होता, त्या सरपंच होत्या. एका संघाचा प्रशिक्षक रेषेबाहेरून सारखा ओरडत होता, चढाईला जाणाऱ्या मुलीला सूचना देत होता. एकदा समजावून झालं. मग तो मोठ्याने म्हणाला, "मॅडमना काय कळतंय, तू खेळ!" त्यांनी वेळ थांबवली, त्याच्याकडे चालत गेल्या, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "आपलं पूर्ण नाव?" त्याने पहिलं नाव सांगितलं. "वडिलांचं? आडनाव? दीर्घ की ऱ्हस्व?" सगळं गुणपत्रकाच्या शेऱ्याच्या रकान्यात हळूहळू लिहिलं. वाचून दाखवलं, "बरोबर आहे?" तो म्हणाला, "हो." बास. कार्ड काढलं नाही, रागावल्या नाहीत. सामना संपेपर्यंत त्या माणसाने तोंडातून शब्द काढला नाही. नंतर मी त्यांना विचारलं, त्याचं आडनाव खरंच अडलं होतं का. त्या हसल्या फक्त.

हळूपणाची ही पद्धत एका ठिकाणी अजिबात चालत नाही, आणि ते ठिकाण आहे अंग. चढाईपटूचं तोंड दाबणं, गळा आवळणं, पायांची कैची मारून पाडणं, पकड पूर्ण झाल्यावर उगाच उचलून आपटणं. इथे कर्णधार नाही, वीस सेकंद नाहीत, हिरवंही नाही. मातीच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांपैकी अनेकांचा सकाळी सहाला कंपनीचा पाळीचा टेम्पो असतो. मान लचकली तर घरातला एक पगार जातो. काही ज्येष्ठ पंच म्हणतात की उपांत्य फेरीत कार्ड काढलं तर रंग जातो. रंग गेला तरी चालेल, असं मी तोंडावर म्हणतो, आणि त्यामुळे काही मंडळं मला उपांत्य फेरीला बोलवत नाहीत. तेही चालतं.

हे खेळाडूंचं झालं. आता पंचांचं, आणि त्यासाठी हांगझोऊ. ७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. सकाळची शाळा सुटली होती, घरी जेवताना आशियाई खेळांचा पुरुषांचा अंतिम सामना लावला. भारत आणि इराण. २०१८ ला जकार्तात इराणने आपल्याला उपांत्य फेरीत हरवून सुवर्ण नेलं होतं, म्हणून ताट हातात धरूनच बसलो होतो. २८-२८ अशी बरोबरी, दीड मिनिटाच्या आत खेळ उरलेला, पवन सेहरावतची चढाई, गुण आणलाच पाहिजे अशी. तो कुणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही. मग लॉबीचा जुना नियम लावायचा की नवा यावरच एकमत होईना. निर्णय एकदा इकडे फिरला, एकदा तिकडे. दोन्ही संघांचे खेळाडू मॅटवर बसकण मारून बसले. सुमारे तासभर सामना थांबला. अखेर भारताला गुण मिळाले आणि ३३-२९ ने सुवर्ण आलं.

माझ्या घरी सगळे नाचले. मीही. पण दुसऱ्या दिवशी पंच मित्रांचे फोन सुरू झाले ते सुवर्णाबद्दल नव्हते. मॅटवर बसणं हे गैरवर्तन आहे का? पुस्तकाप्रमाणे आहेच. खेळायला नकार देणाऱ्या संघाला काय करायचं हेही पुस्तकात आहे. पण कुठल्या पंचाने ते करायचं? ज्याने दहा मिनिटांत निर्णय बदलला त्याने? माझं मत मी तेव्हाही सांगितलं, आजही तेच आहे. त्या तासात खेळाडूंनी जे केलं त्याला पंचांच्या टेबलाने आमंत्रण दिलं होतं. एकदा निर्णय फिरला की बसून राहणं फायद्याचं आहे हे दोन्ही संघांना कळतं, आणि मग न बसणारा मूर्ख ठरतो. लॉबीचा कुठला नियम, हे पहिल्या दिवशीच्या पंच-बैठकीत एका ओळीत सांगता आलं असतं. आमच्या गावच्या स्पर्धेतही मी नारळ फुटायच्या आधी दोन-तीन वादाचे नियम माईकवरून वाचून दाखवतो. कुणी ऐकत नाही. पण वाचलं होतं, एवढं नंतर म्हणता येतं.

निर्णय फिरवण्यापेक्षाही वाईट एक सवय आहे. पंचांचा एखादा निर्णय चुकतो, चुकणारच. काही जण मग पुढच्या दोन-तीन चढायांत त्या संघाला एखादा गुण सोडून भरपाई करतात. त्यांना तो न्याय वाटतो. बाकड्यावरच्या लोकांना लगेच वास येतो. ओरडलं की मिळतं, हे त्या संघाला समजलं आणि गप्प बसलं की जातं, हे दुसऱ्याला. त्यानंतर त्या सामन्यात शिस्त आणायला पोलीसच लागतात.

शाळेच्या स्पर्धांत सगळंच वेगळं. चौदा वर्षांखालच्या मुलांना मी कार्ड काढण्याआधी कारण सांगतो, कारण अर्ध्यांना आपण काय केलं तेच माहीत नसतं. टीव्हीवर मांडी थोपटतात म्हणून थोपटतात. समोरच्या मुलाच्या तोंडासमोर नेऊन थोपटू नकोस, एवढं सांगितलं की पुरतं. तिथे मुलं त्रास देत नाहीत, मोठे देतात. एका जिल्हास्तरीय सामन्यात मध्यंतराला एका शाळेच्या प्रशिक्षकाने आपल्याच खेळाडूच्या कानाखाली वाजवली, पकड सुटली म्हणून. सगळ्यांसमोर. मुलगा रडला नाही, उलट हसायचा प्रयत्न करत होता, ते बघवेना. नियमपुस्तकात यावर सरळ कलम नाही. दुसऱ्या संघाने तक्रार केली नव्हती. मी उत्तरार्ध सुरू केला नाही. त्या सरांना म्हटलं, तुम्ही दोरीच्या बाहेर बसा, तुमच्या शाळेचे दुसरे शिक्षक बाकड्यावर येऊ देत. ते म्हणाले, "आमच्या घरचा मामला आहे, तुम्ही गुण मोजा." मी म्हटलं, मध्यंतर संपलं की माझं घड्याळ सुरू होतं, संघ मैदानात आला नाही तर मला नाइलाजाने पुढचं करावं लागेल. पाच मिनिटांत दुसरे शिक्षक आले. त्या मुलाला मी काही बोललो नाही. तो उत्तरार्धात दोन वेळा बाद झाला, एक पकड केली, त्याची शाळा हरली. अहवालात मी सगळं लिहिलं. संयोजकांपैकी दोघांनी ते वाक्य काढायला सांगितलं, त्या सरांची बढती होती म्हणे. मी काढलं नाही. पुढे काय झालं ते मला कुणी कळवलं नाही, आणि कळवत नाहीत, ही या कामातली रीतच आहे.

अहवालाचं एकूण असंच असतं. मध्यरात्री मैदानात पंच काय करतो यापेक्षा पंधरा दिवसांनी बंद खोलीत काय होतं त्यावर पुढच्या हंगामाची शिस्त ठरते. लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूवर बंदी येते, मग त्याच्या संघाचं पत्र येतं, मग कुणाचा तरी फोन, मग "पोराचं वय बघता" बंदी अर्धी. पोराचं वय कार्डाच्या रात्रीही तेच असतं. ज्या पंचाने अहवाल लिहिला त्याला त्या बैठकीला बोलावलं जात नाही. ज्या दिवशी त्याला बोलावून, समोर बसवून, त्याचं वाक्य वाचून निर्णय होईल त्या दिवशी गावोगावच्या दोऱ्या आपोआप घट्ट होतील, असं मी प्रत्येक वार्षिक सभेत म्हणतो. टाळ्या पडतात. चहा येतो.

गेल्या पावसाळ्यात नव्या पंचांच्या वर्गात मला तासभर बोलायला सांगितलं होतं. पंचवीस-तीस पोरं-पोरी, काही माझ्याच शाळेतून गेलेली. कार्डांचे नियम, खुणा, उभं राहायच्या जागा झाल्या. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, मारायलाच आले तर?"

वर्ग हसला, पण तो हसत नव्हता. मी त्याला सांगितलं, पळायचं नाही, पळणाऱ्याच्या मागे गर्दी धावते. पाठ दाखवायची नाही. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, अडवण्यासाठीसुद्धा नाही. तिन्ही पंचांनी गुणलेखकाच्या टेबलाशी एकत्र यायचं आणि दोन्ही कर्णधारांना आपल्याजवळ उभं करायचं, गावची पोरं गावच्या कर्णधारावर सहसा हात उचलत नाहीत. मग त्याने विचारलं, "आणि शिट्टी?" शिट्टी वाजवू नकोस, म्हटलं, त्या वेळी तिचा काही उपयोग नसतो. आधी गुणपत्रक उचल, घडी घाल आणि शर्टाच्या आत घाल. गर्दी टेबलावर आली की पहिलं तेच फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे तुला फक्त तेवढंच विचारतात, सामना थांबला तेव्हा गुण किती होते आणि घड्याळात किती वाजले होते.